सोळाव्या वर्षी आशा, एकोणिसाव्या वर्षी निराशा

अहमदाबाद येथे ३० नोव्हेंबर २०२५ रोजी भारताच्या १७ वर्षांखालील फुटबॉल संघाने इराणला २-१ असे नमवले आणि २०२६ च्या आशियाई स्पर्धेतील स्थान निश्चित केले. गटातील केवळ अव्वल संघ पुढे जाणार होता आणि भारताला विजयाशिवाय पर्याय नव्हता. त्यातच इराणने आधी गोल करून आघाडी घेतली होती. पूर्वार्ध संपता संपता दलालमुओन गांगते याने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि उत्तरार्धाच्या सुरुवातीलाच गुनलेइबा वांगखेइराकपम याने विजयी गोल केला. आशियातील बलाढ्य संघांत गणल्या जाणाऱ्या इराणला अशा स्थितीतून हरवणे ही साधी गोष्ट नव्हे. प्रशिक्षक बिबियानो फर्नांडिस यांचे आणि त्यांच्या मुलांचे कौतुक झाले, ते रास्तच होते.

परंतु भारतीय फुटबॉलच्या चाहत्यांना अशा संध्याकाळी नव्या नाहीत. दर दोन-चार वर्षांनी किशोरवयीन मुलांचा एखादा संघ येतो, एखाद्या मोठ्या संघाला धक्का देतो, ‘भारतीय फुटबॉलची पहाट झाली’ असे मथळे झळकतात आणि पुढे तीच मुले वीस-बावीस वर्षांची झाली की पहिले पाढे पंचावन्न! याच २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भारताचा वरिष्ठ संघ मडगावच्या मैदानावर सिंगापूरकडून १-२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई चषकाच्या शर्यतीतून बाद झाला. पुढच्याच महिन्यात ढाक्यात बांगलादेशानेही त्याला १-० असे हरवले. एकाच मोसमात किशोर संघ इराणला हरवतो आणि वरिष्ठ संघ सिंगापूरपुढे हात टेकतो, हा विरोधाभास समजून घ्यायचा तर कुमार गटांतील कामगिरीचा ताळेबंद जरा मागे जाऊन तपासावा लागतो.

एक संयुक्त विजेतेपद

या ताळेबंदाच्या पहिल्याच पानावर सर्वात मोठी जमा आहे. १९७४ साली बँकॉक येथे झालेल्या आशियाई युवा अजिंक्यपद स्पर्धेत भारत आणि इराण यांच्यातील अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि दोन्ही संघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. अरुण घोष प्रशिक्षक होते आणि शब्बीर अली कर्णधार. त्या संघातील काही खेळाडूंनी पुढे कोलकात्याच्या मैदानांवर आणि राष्ट्रीय संघातही नाव कमावले. फिफाची जागतिक युवा स्पर्धा तेव्हा सुरू व्हायची होती. ती १९७७ मध्ये ट्युनिशियात प्रथमच झाली. तीन वर्षे आधी मिळालेल्या यशामुळे जगाच्या व्यासपीठावर जाण्याची संधी मात्र मिळाली नाही.

त्यानंतर पन्नास वर्षे लोटली. वयोगटातील आशियाई विजेतेपद म्हणून भारताच्या नावावर आजही तेवढी एकच नोंद आहे. ज्या इराणबरोबर ते वाटून घेतले, तो इराण पुढे अनेकदा वरिष्ठ गटाच्या विश्वचषकात खेळला. भारत मात्र आशियाई स्पर्धेची पात्रता मिळाली म्हणून आनंद साजरा करण्याच्या पायरीवर आला. दोघांनी एकाच रेषेवरून धाव सुरू केली होती, हे ध्यानात घेतले की मधल्या काळात काय निसटले याची कल्पना येते.

यजमानपदाची वाट

गेल्या वीस वर्षांत भारतीय कुमार संघांच्या नावासमोर मोठ्या स्पर्धांची जी यादी दिसते, तिच्यातील काही ठळक नोंदी यजमानपदाच्या आहेत. २००६ ची आशियाई युवा स्पर्धा भारतात झाली, म्हणून भारत खेळला. २०१६ ची १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धा गोव्यात झाली, तिथेही यजमान म्हणून प्रवेश मिळाला. संयुक्त अरब अमिरातीशी २-३ अशी हार, सौदी अरेबियाशी ३-३ अशी झुंजार बरोबरी आणि इराणकडून ०-३ असा पराभव, एवढी कमाई करून संघ गटातच गारद झाला. इराकने ती स्पर्धा जिंकली.

यजमानपदाचा कळस म्हणजे २०१७ चा १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक. डिसेंबर २०१३ मध्ये फिफाने ही स्पर्धा भारताला बहाल केली. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, गोवा आणि नवी मुंबई येथे सामने झाले. भारताचा कोणत्याही वयोगटातील संघ फिफाच्या विश्वचषकात उतरण्याची ती पहिलीच वेळ. मात्र स्पर्धेला वर्षही उरले नसताना प्रशिक्षक बदलावे लागले. जर्मनीचे निकोलाय अ‍ॅडम गेले आणि पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मातोस आले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच तो प्रकार होता.

निकाल अपेक्षेप्रमाणेच लागले. ६ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकेने भारताला ३-० असे हरवले. दुसऱ्या सामन्यात कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने कॉर्नरवर डोक्याने मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि दिल्लीचे नेहरू स्टेडियम दुमदुमले. फिफाच्या विश्वचषकात भारताचा तो पहिला गोल. पण बरोबरीचा तो आनंद मिनिटभरही टिकला नाही. ८३ व्या मिनिटाला पेन्यालोझाने स्वतःचा दुसरा गोल केला आणि सामना २-१ असा कोलंबियाकडे गेला. अखेरच्या लढतीत घानाने ४-० असा धुव्वा उडवला. तीन सामने, तीन पराभव, एक गोल केला, नऊ स्वीकारले.

कोलंबियाच्या त्या सामन्यातील एक मिनिट या साऱ्या प्रश्नाचे सार सांगून जाते. गोल केल्यानंतर लगेच सावरून उभे राहणे, आनंदाच्या भरात जागा न सोडणे, पुढची दोन मिनिटे चेंडू आपल्याकडे राखणे, हे शिबिरात फळ्यावर शिकवून येत नाही. अटीतटीचे पन्नास-शंभर सामने खेळल्यावरच ते अंगवळणी पडते. कोलंबियाच्या मुलांच्या अंगात ते मुरलेले होते. भारतीय मुलांच्या वाट्याला तशा लढती मोजक्याच आल्या होत्या.

स्पर्धेचे संयोजन मात्र नेटके झाले. १३ लाख ४७ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी सामने पाहिले आणि या वयोगटातील विश्वचषकाचा तो विक्रम ठरला. या देशात फुटबॉलला प्रेक्षक नाही, ही समजूत तेव्हाच निकालात निघाली. त्या गर्दीचे रूपांतर खेळणाऱ्यांत कसे करायचे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. महासंघाने लगोलग २०१९ च्या २० वर्षांखालील विश्वचषकाच्या यजमानपदासाठीही प्रयत्न केला. तो मान पोलंडला मिळाला. मैदानावर न मिळणारी पात्रता यजमान म्हणून मिळवण्याची ही सवय सहजी सुटणारी नव्हती.

एका विजयाचे अंतर

हिशेबाच्या जमेच्या बाजूला २०१८ साल ठळकपणे लिहावे लागेल. त्या वर्षी मलेशियात झालेल्या १६ वर्षांखालील आशियाई स्पर्धेत बिबियानो फर्नांडिस यांच्याच संघाने व्हिएतनामला १-० असे हरवले, इराण आणि इंडोनेशियाशी गोलशून्य बरोबरी साधली आणि १६ वर्षांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. आणखी एक सामना जिंकला असता तर २०१९ च्या विश्वचषकाचे तिकीट हाती पडले असते आणि तेही यजमानपदाच्या मेहेरबानीशिवाय. १ ऑक्टोबर २०१८ रोजी दक्षिण कोरियाने उत्तरार्धात केलेल्या एकमेव गोलने ते स्वप्न भंगले. गटातील तिन्ही सामन्यांत त्या संघाने एकही गोल स्वीकारला नव्हता. भारताचा कोणताही कुमार संघ विश्वचषकाच्या पात्रतेच्या इतक्या जवळ अलीकडच्या काळात गेलेला नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्पेनमधील कोटिफ चषकात भारताच्या २० वर्षांखालील संघाने अर्जेंटिनाच्या युवा संघाला २-१ असे हरवले. कोल्हापूरच्या अनिकेत जाधवला लाल कार्ड मिळाल्यामुळे उत्तरार्धात बराच वेळ भारताला दहा खेळाडूंनिशी खेळावे लागले होते. दीपक टांगरी आणि अन्वर अली यांनी गोल केले. समोरच्या बाकावर लिओनेल स्कालोनी होते. पुढे चार वर्षांनी त्यांनीच अर्जेंटिनाला जगज्जेते केले. या विजयाचा देशभर गाजावाजा झाला. पण त्याच स्पर्धेत भारत मुर्सियाच्या संघाकडून ०-२ आणि मॉरितानियाकडून ०-३ असा हरला होता, हे फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. एका विजयावरून संघाची पारख करायची की मालिकेवरून, हे ठरवताना आपल्याकडे नेहमी पहिला मार्ग निवडला जातो.

पुढच्या पिढीचे दुर्दैव असे की २०१९ मध्ये ताश्कंद येथे बहारीन आणि तुर्कमेनिस्तानला प्रत्येकी ५-० असे हरवून आणि यजमान उझबेकिस्तानशी १-१ अशी बरोबरी साधून गटविजेता ठरलेल्या १६ वर्षांखालील संघाला मुख्य स्पर्धा खेळायलाच मिळाली नाही. करोनामुळे ती रद्द झाली. २०२३ मध्ये थायलंडला गेलेल्या संघाने व्हिएतनामशी १-१ अशी बरोबरी केली, उझबेकिस्तानकडून ०-१ अशी निसटती हार पत्करली आणि अखेर जपानकडून ४-८ असा पराभव स्वीकारला. जपानला चार गोल मारणारे आक्रमण आणि आठ गोल खाणारा बचाव एकाच संघात पाहायला मिळाला. २०२४ च्या पात्रता फेरीत तर ब्रुनेईला १३-० असे लोळवूनही यजमान थायलंडकडून २-३ अशी हार झाली आणि २०२५ ची मुख्य स्पर्धा हुकली.

शेजारघरचे राजेपण

दक्षिण आशियाई पातळीवर मात्र भारताचा दबदबा निर्विवाद आहे. सॅफच्या किशोर गटातील विजेतेपदे भारताने २०२२ पासून २०२५ पर्यंत सलग चार वर्षे मिळवली. १९-२० वर्षांखालील गटातही २०२२, २०२३ आणि २०२५ मध्ये चषक भारतानेच उचलला. २०२५ च्या मे महिन्यात अरुणाचल प्रदेशातील युपिया येथे बांगलादेशाला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून मिळवलेले विजेतेपद त्यातलेच.

या विजयांना कमी लेखण्याचे कारण नाही. बांगलादेश आणि नेपाळ यांचे संघ आता सहज हार मानत नाहीत. २०२४ मध्ये २० वर्षांखालील गटात बांगलादेशानेच बाजी मारली होती. तरीही नेपाळ, भूतान, मालदीव यांच्याशी खेळताना चेंडू बहुतांश वेळ आपल्याकडे असतो, बचावाची खरी कसोटी लागत नाही. इराण, सौदी अरेबिया किंवा उझबेकिस्तानशी गाठ पडली की हेच चित्र उलटे होते. उपखंडातील चषकांनी महासंघाच्या अहवालांची पाने सजतात, पण आशियाई पातळीवरील उणिवा त्यात झाकल्या जातात.

सतरा ते वीस : निसटलेली वर्षे

ताळेबंदातील सर्वात बोलकी नोंद किशोर गटातील नाही, तर त्यापुढच्या गटातील आहे. २० वर्षांखालील आशियाई स्पर्धेत भारत २००६ नंतर एकदाही पोचलेला नाही, आणि तेव्हाही यजमान म्हणूनच. २३ वर्षांखालील आशियाई चषक २०१३-१४ पासून खेळला जातो, त्यासाठी भारत एकदाही पात्र ठरलेला नाही. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये नौशाद मूसा यांच्या संघाने बहारीनला २-० आणि ब्रुनेईला ६-० असे हरवले, पण कतारकडून १-२ अशी हार झाल्याने थोडक्यात संधी गेली. २० वर्षांखालील संघानेही २०२४ च्या पात्रता फेरीत मंगोलिया आणि लाओसला हरवले, इराणशी ०-१ अशी झुंज दिली, तरी दार उघडले नाही.

म्हणजे १६-१७ व्या वर्षी आशियातील पहिल्या सोळांत बसणारा संघ १९-२० व्या वर्षी त्या सोळांत बसत नाही. मुले तीच, देश तोच, मग मधल्या तीन वर्षांत काय घडते?

२०१७ च्या विश्वचषक संघाचे उदाहरण पाहावे. स्पर्धा आटोपून महिनाही झाला नव्हता, तोच त्यातील बहुसंख्य मुले वरच्या वयोगटाच्या पात्रता फेरीत सौदी अरेबियासमोर उभी राहिली आणि ०-५ अशी हरली. या मुलांना एकत्र ठेवण्यासाठी महासंघाने ‘इंडियन अ‍ॅरोज’ हा संघ पुन्हा उभा करून आय-लीगमध्ये उतरवला. २०१० मध्ये सुरू झालेला आणि २०१३ मध्ये गुंडाळलेला हा प्रयोग. जेजे लालपेखलुआ, प्रीतम कोटल यांच्यासारखे खेळाडू त्याच्या पहिल्या पर्वातून घडले होते. दुसऱ्या पर्वात जॅक्सन सिंग, सुरेश सिंग, रहीम अली, अन्वर अली यांनी मोठ्या वयाच्या व्यावसायिक खेळाडूंशी टक्कर देत अनुभव कमावला. पुढे हे चौघेही वरिष्ठ राष्ट्रीय संघात खेळले. अन्वर अलीला मध्येच हृदयविकाराचे निदान झाले, खेळण्याच्या हक्कासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, तरी तो परतला. २१ जणांच्या त्या संघातील बाकीच्यांपैकी काही क्लबांच्या राखीव बाकावर अडकले, तर काही हळूहळू विस्मृतीत गेले.

अ‍ॅरोजचा प्रयोग २०२२ मध्ये पुन्हा बंद करण्यात आला. ज्या सुमारास भारताने हे दुकान गुंडाळले, त्याच सुमारास उझबेकिस्तानने नेमके तेच सुरू केले होते. उझबेक महासंघाने २०२१ मध्ये ‘ऑलिम्पिक’ नावाचा ताश्कंदचा क्लब उभा करून आपल्या उदयोन्मुख खेळाडूंना देशाच्या लीगमध्ये उतरवले. फळ समोर आहे. २०२३ मध्ये २० वर्षांखालील आशियाई विजेतेपद, त्याच वर्षी १७ वर्षांखालील विश्वचषकात इंग्लंडला हरवून उपांत्यपूर्व फेरी, २०२४ मध्ये प्रथमच ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये प्रवेश, २०२५ मध्ये १७ वर्षांखालील आशियाई विजेतेपद आणि वरिष्ठ संघाची २०२६ च्या विश्वचषकासाठी प्रथमच पात्रता. २०१९ मध्ये भारताच्या किशोरांनी ताश्कंदमध्ये त्यांना बरोबरीत रोखले होते, हे आठवले की अंतर कुठे आणि कधी वाढले हे स्पष्ट होते.

लहान देश, मोठी उडी

उझबेकिस्तानला सोव्हिएत काळापासूनचा क्रीडावारसा आहे, असा युक्तिवाद केला जातो. मग ताजिकिस्तानकडे पाहावे. लोकसंख्या साधारण एक कोटी, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या अकरा कोटींच्या जेमतेम अकराव्या हिश्श्याएवढी. २०१८ च्या ज्या आशियाई स्पर्धेत भारत दक्षिण कोरियाकडून उपांत्यपूर्व फेरीत हरला, त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत ताजिकिस्तानने त्याच कोरियाला पेनल्टी शूटआऊटमध्ये मात दिली. अंतिम फेरीत जपानने त्यांना एका गोलने हरवले, पण २०१९ च्या विश्वचषकाचे तिकीट मिळाले.

गोष्ट तिथे संपत नाही. २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये झालेल्या आशियाई चषकात ताजिकिस्तानचा वरिष्ठ संघ प्रथमच उतरला आणि थेट उपांत्यपूर्व फेरीत गेला. त्याच स्पर्धेत भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडून हरला, एकही गोल न करता. सोळाव्या वर्षी दोन्ही देशांच्या मुलांत एका सामन्याचे अंतर होते. पाच-सहा वर्षांनी ते एका संपूर्ण इयत्तेचे झाले.

सामन्यांचा दुष्काळ

कारणांच्या मुळाशी सामन्यांची संख्या आहे. फुटबॉल रुजलेल्या देशांत पंधरा-सोळा वर्षांचा होतकरू मुलगा एका मोसमात तीसहून अधिक स्पर्धात्मक सामने खेळतो. तेही आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, आठ-नऊ महिने. आपल्याकडे कुमार फुटबॉल दीर्घकाळ स्पर्धांच्या वेळापत्रकावर चालले. जिल्ह्याची निवड चाचणी, राज्याचा संघ, मग दहा-बारा दिवसांची राष्ट्रीय स्पर्धा, शालेय पातळीवर १९६० पासून चालणारा सुब्रतो चषक. यातल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात हरलेल्या संघातील मुलाचा मोसम तिथेच संपतो. अलीकडे महासंघाच्या युवा लीग आणि २०२२ मध्ये गोव्यातून सुरू झालेली रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग यांमुळे परिस्थिती थोडी सुधारली. तरीही देशाचा आकार पाहता हा प्रयत्न अपुराच आहे.

लीग नसल्याची भरपाई शिबिरांनी केली जाते. तीस-चाळीस मुले निवडायची, त्यांना घर आणि शाळेपासून दूर वर्ष-दोन वर्षे एकत्र ठेवायचे, परदेश दौरे करायचे. या पद्धतीने एक संघ तयार होतो, एखादी लढत जिंकलीही जाते. पण निवडीच्या वेळी जो मुलगा उंचीने लहान होता, आजारी होता किंवा ज्याच्या गावात निवडकर्ते पोचलेच नाहीत, तो कायमचा बाहेर राहतो. आत गेलेल्याचेही पुढे काय, याची शाश्वती नाही. सोळाव्या वर्षी देशाचा शर्ट घातलेला आणि विसाव्या वर्षी ना क्लब, ना पदवी, ना नोकरी अशा अवस्थेत आलेला मुलगा हा या पद्धतीचा खरा खर्च आहे. तो कोणत्याही आकडेवारीत मांडला जात नाही.

आता तर शिबिराची पद्धत मुळातच कालबाह्य ठरू पाहत आहे. १७ वर्षांखालील विश्वचषक २०२५ पासून दरवर्षी आणि ४८ संघांचा झाला. २०२५ ते २०२९ या पाचही स्पर्धांचे यजमानपद कतारकडे गेले. आशियाई स्पर्धाही दरवर्षी होऊ लागली आणि तिची उपांत्यपूर्व फेरी गाठणाऱ्या संघांना विश्वचषकाचे दार उघडले. पूर्वी दोन वर्षांनी येणाऱ्या स्पर्धेमुळे विषम सालात जन्मलेल्या मुलांवर वयोमर्यादेने नकळत अन्याय होत असे. २०१७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० नंतर जन्मलेली मुले चालत होती, २०१९ साठी २००२ नंतरची. २००१ मध्ये जन्मलेल्याला एकतर एक वर्ष मोठ्यांशी स्पर्धा करावी लागे किंवा संधी हुके. हा अन्याय आता संपला. पण दरवर्षी नवा संघ हवा असेल, तर दरवर्षी नवे शिबिर भरवणे कोणत्याही महासंघाला परवडणारे नाही. त्यासाठी क्लब आणि लीग यांतून अखंड वाहणारा झराच लागतो. २०२५ च्या कतारमधील विश्वचषकात ताजिकिस्तान आणि इंडोनेशिया खेळले. भारत मुख्य आशियाई स्पर्धेतही नव्हता.

वयाचा दाखला

कुमार क्रीडाक्षेत्राला लागलेली वयचोरीची कीडही या चर्चेतून वगळता येत नाही. मोठ्या वयाच्या मुलाला लहान दाखवून जिल्हा किंवा राज्याची स्पर्धा जिंकता येते. त्यात प्रशिक्षकाचे नाव होते, शाळेला ढाल मिळते, पण खऱ्या वयाचा गुणी मुलगा घरी बसतो. फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालील विश्वचषकात मनगटाची एमआरआय तपासणी सुरू केली. या तपासणीमुळे बनावट दाखला आंतरराष्ट्रीय पातळीवर उपयोगाचा राहिला नाही. राज्यस्तरावर मात्र काटेकोर तपासणी सर्वत्र होते, असे म्हणता येणार नाही. परिणाम असा की खालच्या पायऱ्यांवर जे जिंकतात ते वरच्या पायरीवर अपात्र ठरतात आणि जे पात्र असतात त्यांना खालीच अनुभव मिळालेला नसतो.

महाराष्ट्र आणि गोवा

२०१७ च्या विश्वचषक संघातील २१ पैकी आठ मुले एकट्या मणिपूरची होती. महाराष्ट्रातून अनिकेत जाधव हे नाव ठळकपणे पुढे आले. तो कोल्हापूरचा, पुण्याच्या बालेवाडीतील क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडे हे दुसरे मराठी नाव. ज्या कोल्हापुरात तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर हजारोंच्या गर्दीपुढे खेळतात, पेठापेठांतली ईर्ष्या पिढ्यान्‌पिढ्या टिकून आहे, तिथून राष्ट्रीय संघात एवढी तुरळक मुले जावीत, याचा अर्थ खेळाची आवड आणि खेळाडू घडवण्याची व्यवस्था या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

राज्य सरकारांच्या उत्साहाला तोटा नाही. विश्वचषकाच्या तोंडावर, १५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘महाराष्ट्र मिशन वन-मिलियन’ अंतर्गत राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळवण्यात आले. २०२२ मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबशी करार झाला आणि निवडक मुलांना म्युनिकला नेण्यात आले. १४ डिसेंबर २०२५ रोजी वानखेडे स्टेडियमवर लिओनेल मेसीच्या उपस्थितीत ‘प्रोजेक्ट महादेवा’चा प्रारंभ झाला. त्यात १३ वर्षांखालील ३० मुले आणि ३० मुली यांना पाच वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी निवडण्यात आले. पाच वर्षांचा विचार झाला, हे आधीच्या उपक्रमांच्या तुलनेत पुढचे पाऊल. मात्र या साठ जणांना दर आठवड्याला तुल्यबळ प्रतिस्पर्धी कुठून मिळणार, याचे उत्तर शिष्यवृत्तीत नाही. ते राज्यभर चालणाऱ्या वयोगटनिहाय लीगमध्ये आहे.

गोव्याचे योगदान वेगळ्या प्रकारचे आहे. गावोगावची चर्चसमोरची मैदाने, क्लबांची परंपरा आणि त्यातून तयार झालेले प्रशिक्षक. २०१८ चा उपांत्यपूर्व फेरीतील संघ आणि २०२५ चा इराणविजेता संघ, दोन्ही घडवणारे बिबियानो फर्नांडिस गोव्याचे. परदेशी नावांच्या मागे लागण्याऐवजी वर्षानुवर्षे मुलांमध्ये काम करणाऱ्या देशी प्रशिक्षकावर विश्वास टाकला तर काय साधते, याचे हे उदाहरण होय. क्लबच्या पातळीवर मोहालीच्या मिनर्व्हा अकादमीच्या मुलांनी २०२५ मध्ये स्वीडनमधील गोथिया चषक जिंकून असेच उत्तर दिले.

मुलींनी दाखवलेली वाट

मुलींच्या संघांचा प्रवासही याच वळणांनी गेला. २०२२ चा १७ वर्षांखालील महिला विश्वचषक भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे झाला. त्याच्या दोनच महिने आधी फिफाने भारतीय महासंघाला अकरा दिवस निलंबित केले होते. प्रत्यक्ष स्पर्धेत अमेरिकेने ८-०, मोरोक्कोने ३-० आणि ब्राझीलने ५-० असे हरवले. यजमानपदाने मिळालेला प्रवेश आणि तयारीविना झालेली दमछाक, हे चित्र जुनेच होते.

परंतु २०२५ मध्ये मुलींनी वेगळा धडा घालून दिला. ऑगस्टमध्ये २० वर्षांखालील संघाने म्यानमारला त्यांच्याच मैदानावर १-० असे हरवून वीस वर्षांनी आशियाई स्पर्धा गाठली आणि ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील संघाने उझबेकिस्तानवर २-१ असा विजय मिळवून प्रथमच पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत पाऊल ठेवले. एकाच वर्षी दोन्ही वयोगट पात्र ठरणे, हे मुलांच्या संघांना अलीकडे साधलेले नाही.

पुढचा प्रश्न

या साऱ्या पार्श्वभूमीवर अहमदाबादच्या विजयाकडे पाहावे लागते. त्याच काळात वरच्या मजल्यावर आग लागली होती. इंडियन सुपर लीगच्या व्यावसायिक हक्कांचा करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपत असल्याने त्या मोसमाचे वेळापत्रकच कोलमडले, काही क्लबांनी कामकाज थांबवले. क्लब अडचणीत आला की पहिली कात्री लागते ती अकादमीला आणि राखीव संघाला. ज्या मुलांनी इराणला हरवले, त्यांना पुढची तीन वर्षे कुणाच्या मैदानावर आणि कुणाविरुद्ध खेळायचे आहे, याची चिंता कोणत्याही प्रतिस्पर्ध्यापेक्षा मोठी आहे.

उपाय अनोळखी नाहीत. प्रत्येक राज्यात किमान तीन वयोगटांत सहा-आठ महिने चालणारी लीग, जिल्हा पातळीपासून वयाची एकसमान तपासणी, १८ ते २१ वयातील खेळाडूंना वरिष्ठांच्या लीगमध्ये सक्तीने काही मिनिटे, अ‍ॅरोजसारख्या संघाचे पुनरुज्जीवन आणि खेळ सुटलेल्या मुलासाठी शिक्षणाची हमी. यातले काहीही यजमानपदाइतके झगमगीत नाही. उद्घाटनाला फीत कापण्याची सोय यात नाही आणि फळ दिसायला आठ-दहा वर्षे लागतात. महासंघाने २०२३ मध्ये मांडलेल्या ‘व्हिजन २०४७’ मध्ये दूरच्या पल्ल्याचे बोलले गेले आहे. पण २०४७ चा रस्ता २०२६, २०२७ आणि २०२८ वरूनच जातो.

किशोर संघाने एखादी स्पर्धा गाजवली किंवा एखाद्या स्पर्धेत तो गटातच बाद झाला, तरी मूळ ताळेबंद त्याने बदलत नाही. सोळा वर्षांच्या भारतीय मुलात आशियातील कुणाशीही दोन हात करण्याची कुवत आहे, हे १९७४ पासून पुन्हा पुन्हा सिद्ध झाले आहे. त्या मुलाला वीस वर्षांचा खेळाडू करण्याची कुवत भारतीय फुटबॉलच्या कारभारात आहे का, हे सिद्ध व्हायचे बाकी आहे. इराणला हरवणाऱ्या त्या संघातील किती जण २०२९ मध्ये २० वर्षांखालील संघात खेळताना दिसतात, यावर त्याचे उत्तर ठरेल.